कृष्णधवल काकाजी

तुमसरला खोली भाड्याने घ्यायची तर घरमालक काही गोष्टी हमखास विचारतो. गाव कोणतं, घरी कोण कोण असतं, मटण-मच्छी करता का, पाहुणे फार येतात का. काकाजींनी यातलं काहीही विचारलं नाही. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, टीव्हीत पेनड्राइव्ह खुपसला आणि एक काळा-पांढरा सिनेमा लावला. छोटासाच, चहा निवेपर्यंत संपणारा. तो संपल्यावर स्टूल ओढून माझ्यासमोर बसले आणि शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "सांगा. काय दिसलं अन् काय आयकू आलं?"

मी म्हटलं, "छान आहे."

"छान भाजी राहते," काकाजी म्हणाले. "मी सिनेमाचं विचारून राहिलो."

ही परीक्षा प्रत्येक भाडेकरूची व्हायची, हे मला नंतर कळलं. माझ्या आधी एक बँकेचे साहेब खोली पाहायला आले होते. त्यांनी ग्रामीण जीवनाच्या वास्तव चित्रणावर बरंच भाषण ठोकलं. काकाजींनी ते शांतपणे ऐकल्यासारखं केलं आणि विचारलं, "बाईच्या हातात काय होतं?" साहेबांना आठवेना. खोली गेली.

मी त्या दिवशी फार काही उजेड पाडला असं नाही. मशीनचा आवाज येतो, मग बंद होतो, मग परत येतो, एवढं सांगितलं. बंद होतानाचा आवाज कसा होता, असं विचारल्यावर "बंद झाल्यासारखा" असं म्हटलं. पण मग त्यांनी विचारलं, "काम काय करता?" मी सांगितलं, टीव्हीवरच्या मालिकांखाली ज्या ओळी येतात त्या मी लिहिते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. कोण काय बोललं, दार कसं वाजलं, मागे पाऊस आहे की नळ, सगळं लिहायचं. काकाजी माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होते. नंतर म्हणाले, "वरची खोली घ्या. नळ सकाळी येते."

मी मूळची सिहोऱ्याकडची. घरी धानाची शेती, तळ्याला लागून बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. सगळं आहे, पण नेट म्हणाल तर मोबाइल घेऊन तळ्याच्या पाळीवर, त्या उंच बांधावर, उभं राहावं लागतं. पाळीवर बसून कोणी नोकरी करत नाही. म्हणून तुमसर, म्हणून ती खोली, आणि म्हणून काकाजी. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या गोष्टी अशा नेटच्या रेंजवर ठरलेल्या आहेत.

काकाजींची राईस मिल होती. घराला लागूनच, मधे एक भिंत. आता मुलगा बघायचा. काकाजी पांढरी बंडी, पांढरा पायजमा घालून दिवसभर मिल आणि घर यांच्यामधे येरझाऱ्या घालत. बंडीच्या एका खिशात कच्चे तांदूळ, दुसऱ्यात तो पेनड्राइव्ह. मधूनमधून चार दाणे तोंडात टाकून दाताखाली फोडायचे. कधी खिसा चुकला तर पेनड्राइव्ह दातापर्यंत जाऊन परत यायचा.

त्या घरात बोलण्याच्या दोनच तऱ्हा होत्या. एक, ओरडून. दोन, हातांनी. मिलमधे जन्म गेलेल्या माणसांचं असंच होतं. अंगठा तोंडाकडे नेला की चहा, तळहात खाली दाबला की मोटर बंद, बोटं चोळली की कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ, फार पडून राहिली. जेवतानासुद्धा काकाजी बोटं चोळून सुनेला भात फडफडीत नसल्याचं सांगायचे. मी त्यांच्या सुनेला वहिनी म्हणत असे. भाताच्या त्या तक्रारीवर वहिनी ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायच्या आणि काकाजी समाधानाने मान हलवायचे.

"हे मी सासूबाईपासून शिकली," वहिनी एकदा मला म्हणाल्या. सासऱ्यांना, म्हणजे काकाजींना, त्या मामाजी म्हणत. "त्या मिलमधी उभ्या राहून मामाजीले काय काय म्हणत! मशीनच्या आवाजात कोणाले आयकू येते? मामाजी आपले हो, हो करत. लय सुखाचा संसार झाला त्याईचा."

पण काकाजींचा खरा वेडेपणा रंगांचा होता. म्हणजे रंग नसण्याचा. टीव्ही चांगला मोठा, रंगीत, नवा. त्यातला रंग त्यांनी रिमोटने पार शून्यावर नेऊन ठेवला होता. बातम्या काळ्या-पांढऱ्या, क्रिकेट काळं-पांढरं, वहिनींच्या मालिकाही काळ्या-पांढऱ्या. "नवरीनं कोणत्या रंगाचा शालू घातला ते पाहाले मी शेजारी जातो," वहिनी कपाळाला हात लावून सांगायच्या. काकाजींना विचारलं तर उत्तर ठरलेलं. "तांदूळ पांढरा, मिल काळी. मंग रंग कायले पायजे?"

दुपारी ऊन मिलच्या मोठ्या दारातून आत यायचं, तेव्हा काकाजी सगळी कामं टाकून तिथे उभे राहत. त्या उन्हाच्या पट्ट्यात कोंडा उडत असायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला दंडाला धरून ते दाखवायचे. "पाह्य, हवा दिसून राहिली." हमाल हसून पुढे जायचे. मीही आधी हसले. पुढे एकदा सिहोऱ्याला घरी गेले होते. आई पाखडत होती, सुपातून उडालेला भुसा उन्हात चमकत होता, आणि मी तिथेच उभी राहिले. आई म्हणाली, "काहून उभी राहिली वं?" मी म्हटलं, "हवा पाहून राहिली." आईने मला लवकर लग्न करून टाकण्याबद्दल पुन्हा एकदा सुचवलं.

तो सिनेमा काकाजींचाच होता. तरुणपणी नागपूरला त्यांचा एक दोस्त होता, फोटो स्टुडिओवाला. कॅमेऱ्याचं त्याला वेड, काकाजींना त्याचं वेड. दोघांनी मिळून याच मिलमधे तो काढला. गोष्ट म्हणाल तर काहीच नाही. एक बाई टोपलीत धान घेऊन मिलमधे येते. वीज जाते. मिल थांबते. सगळे वाट पाहतात. वीज येते. संपलं. कोणी एक शब्द बोलत नाही.

पण काकाजींनी तो मला इतक्या वेळा दाखवला की त्यातली प्रत्येक चौकट मला आमच्या घराच्या उंबऱ्याइतकी पाठ झाली. सुरुवातीला सगळं जवळून दिसतं, पट्टा, चाक, माणसांचे घामाचे हात, आणि मशीनचा आवाज इतका की चित्रसुद्धा थरथरतंय असं वाटतं. मग वीज जाते आणि कॅमेरा एकदम मागे, मिलच्या आतल्या अंधारात जाऊन बसतो. समोर दार. दारात बाई. पलीकडे धान वाळवायचं सिमेंटचं पटांगण, उन्हाने पांढरंफेक. बाई त्यासमोर नुसती काळी आकृती. तोंड बाहेर, पाठ आपल्याकडे, गुडघ्याच्या खालचं काही दिसत नाही. कमरेवर टोपली. ती मूठभर धान तळहातावर घेते, फुंकर मारते, आणि कोंडा उन्हात उडतो. मग ती तशीच उभी राहते. बराच वेळ. इतका वेळ की पाहणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. आणि अचानक मिल सुरू होते.

"जवळून दाखवलं तवा गोंगाट, दुरून दाखवलं तवा शांत," काकाजी म्हणायचे. "दोस्ताची अक्कल पाह्य. डोयाले अन् कानाले एकाच वेळी मागं नेलं."

एवढं सांगून झालं की उलटतपासणी. चिमण्या आहेत म्हणालीस, कुठे आहेत? वर की बाहेर? पत्र्यावर चालतात की पत्र्याखाली बसून ओरडतात? पट्टा थांबताना एकदम थांबतो की दम लागल्यासारखा? फुंकर कोरडी की ओली? मी वैतागून म्हणायचे, "काकाजी, तुम्हीच ऐका ना." ते म्हणायचे, "मी इचारून राहिलो, तू सांग." आणि मला सांगावं लागायचं.

आता मी नागपुरात असते आणि काकाजी राहिले नाहीत. पण माझ्या कामात जे काही बरं आहे ते त्या स्टुलासमोर बसून आलेलं आहे, हे मी कुणालाही सांगायला तयार आहे. मी आधी लिहायचे, 'दार वाजते.' दार राग आल्यावर वेगळं वाजतं आणि पोस्टमन आल्यावर वेगळं, हे मला काकाजींनी शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, छळलं. एकदा मालिकेत एक म्हातारी मरते त्या प्रसंगाखाली मी लिहिलं होतं, 'शांतता'. कामावरच्या ताईंनी ते तसंच ठेवलं असतं. मला मात्र काकाजींचा आवाज ऐकू आला, "कायची शांतता? मिलची का देवळाची?" मी परत ऐकलं. मागे भिंतीवरचं घड्याळ होतं. मी घड्याळ लिहिलं. ताईंनी फोन करून विचारलं, हे कुठून सुचलं. मी म्हटलं, घरमालकांकडून.

काकाजींची आणखी एक लकब होती. बसल्या जागी ते मिलच्या भिंतीवर तळहात टेकवून ठेवायचे. गप्पा चालू, जेवण चालू, हात भिंतीवर. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाचा मिलवरचा जीव. एका दुपारी गावातली वीज गेली. मिल थांबली. घराच्या खिडक्या, भांडी, आमची डोकी, सगळं एकदम निवांत झालं. वहिनींनी "सुटलो बाप्पा" म्हणून पाय पसरले. काकाजी जेवत होते. त्यांनी दोन-तीन घास खाल्ले, उजवा हात उष्टा म्हणून डावा नेऊन भिंतीवर ठेवला आणि म्हणाले, "बंद पडली वाटते."

मी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी कानाशी हात नेऊन हलवला.

"तुमाले माहीत नव्हतं?" त्या नंतर म्हणाल्या. "लय वर्सं झाली. मिलनं कान खाल्ले. मशीन आणली होती कानातली, ते म्हंत, याच्यात फक्त मिलच आयकू येते. फेकून देल्ली. ओठ पाहून समजते त्याईले. पण कोणाले सांगत नाही अन् कोणी म्हटलेलं चालत नाही."

ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी लिहिण्याचा पगार घेणारी मी, इतके महिने त्यांच्या घरात राहत होते! स्वतःवर हसू आलं. ती परीक्षा नव्हतीच. त्या माणसाला खरंच माहीत नव्हतं की चिमण्या कुठे बसल्यात.

यानंतर मी जास्त नीट सांगायला लागले. त्यांनाही कळलं असावं, कारण स्टूल आणखी जवळ आलं. पण ते शेवटी नेहमी एकाच जागी अडायचे. बाई फुंकर मारून उभी राहते ती जागा. "इथं? इथं काय आहे?" मी म्हणायचे, चिमण्या. "अन्?" आणखी काही नाही. शांत आहे. ते मान हलवून टीव्ही बंद करायचे.

मग नागपूरच्या एका कॉलेजातून त्यांना फोन आला, म्हणजे वहिनींना आला. जुन्या छोट्या सिनेमांचा कार्यक्रम होता, हा दाखवायचा होता, त्यावर मंडळी बोलणार होती. घरात आनंद झाला. काकाजी मात्र हो म्हणेनात, नाही म्हणेनात. दोन-चार दिवस तांदूळही चघळले नाहीत. आणि एका दुपारी जिना चढून माझ्या खोलीत आले. ते कधीच वर येत नसत. मी खुर्ची दिली तर बसले नाहीत.

"ते बाई म्हंजे तुझी काकी होय," ते म्हणाले. पहिल्यांदाच हळू बोलले, म्हणजे आपण बोलतो तितकं. "गावातली कोणती बाई क्यामेऱ्यासमोर उभी राह्यची तवा? मी तिले म्हटलं, तू राह्य. ते नाही म्हणे. मी जबरदस्ती केली. चिडलो. सगळ्याईसमोर बोललो. मंग राह्यली उभी. पण त्यानंतर तिनं तो सिनेमा कधी पाह्यला नाही. म्हणे, तुमचा सिनेमा तुमीच पाहा."

मी समोरची मालिका बंद केली.

"तुझी काकी गेल्यावर मले दिसलं. ते उभी आहे तवा तिचे खांदे हालतात. थोडे थोडे. मी मेन स्विचपाशी होतो, दोस्तानं इशारा केला का मोटर लावाची एवढं माह्यं काम. मले तवाच बारीक आवाज येत नव्हते, पण मी दोस्ताले सांगतलं नाही, घरी सांगतलं नाही. सिनेमा बनून आला तवाही नाही. आता सांग बेटा, ते हासून राहिली का रडून राहिली? सारे म्हणतात शांत आहे. खांदे का शांत राहून हालतात?"

त्यांनी बंडीच्या खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्याला तांदळाचा एक दाणा चिकटला होता तो पुसला आणि माझ्या टेबलावर ठेवला. इतक्या महिन्यांत तो कोणाच्या हाती दिलेला मी पाहिला नव्हता.

"रडत असन तर मी पुसून टाकतो. एवढ्या लोकाईसमोर एकदा उभं केलं तिले, आता पुन्हा नाही करत. तू खोटं नको सांगू."

ते उतरून गेले. सगळे शांत आहे म्हणत, कारण सगळ्यांनी तो सिनेमा खालच्या खोलीत, चालत्या मिलच्या भिंतीला टेकून, टीव्हीच्या आवाजात पाहिला होता. मिल चालू असल्याचं काकाजींच्या हाताला कळायचं, पण भिंतीपलीकडून ती एवढी ऐकू येत असेल हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. तिच्या धडधडीत बारीक आवाज बुडतात हे सांगायचं कोणाच्या मनात आलं नाही, आणि पेनड्राइव्ह ते खिशाबाहेर जाऊ देत नव्हते. मी कामाचे मोठे हेडफोन कानाला लावले. खरं सांगते, मला भीती वाटत होती. रडणं ऐकू आलं तर त्या माणसाला जाऊन काय सांगू?

मशीन. पट्टा. वीज गेली. पट्ट्याचे फटके लांबत लांबत थांबले. चिमण्या पत्र्याखाली. फुंकर, अगदी जवळून, कारण दोस्ताने माइक टोपलीतल्या धानात खुपसला होता, हे काकाजींनीच मला पूर्वी सांगितलं होतं. आणि मग, चिमण्यांच्या खाली, दातओठ खात पुटपुटणारा एका तरुण बाईचा आवाज. मी एकदा ऐकलं. परत ऐकलं. हेडफोन काढून खोलीभर फिरून आले आणि परत ऐकलं.

हे मी खाली जाऊन तोंडाने सांगू शकले असते. पण मला दुसरं काम येतं, आणि ते मला त्यांनीच नीट शिकवलं होतं. मी त्या सबंध सिनेमाखाली ओळी लिहिल्या. मालिकेच्या ओळी त्या दिवशी राहिल्या आणि ताईंची बोलणी खाल्ली, पण तेवढं चालायचंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टीव्ही लावला. वहिनीही पदराला हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. काकाजींनी चष्मा पुसला. पडद्यावर मिल सुरू झाली आणि खाली अक्षरं आली.

(मिल चालू. पट्टा फटफट वाजतो.)

काकाजी पुढे वाकले.

(वीज जाते. पट्ट्याला दम लागतो. फटके लांबत जातात.)

(पत्र्याखाली चिमण्या. बाहेर कोणी नाही.)

त्यांचा हात भिंतीवर होता तो त्यांनी काढून घेतला. पडद्यावर काळी आकृती दारात उभी राहिली.

(बाई धानावर फुंकर मारते. कोरडी.)

बाई उभी आहे. खांदे हलायला लागले. आणि खाली ओळ आली.

बाई : याईचा सिनेमा होऊन राहिला अन् माहे पाय भाजून राहिले.

बाई : अजी, लावा नं मोटर!

(मिल सुरू होते.)

काकाजींनी वाचलं. ओठ हलवत पुन्हा वाचायला गेले, तोवर ओळ निघून गेली होती. त्यांनी वहिनींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"चप्पल काढाले लावली होती दोस्तानं," ते म्हणाले. "खेड्यातली बाई दिसली पायजे म्हणून. त्या सिमेटावर. उन्हायात." त्यांनी जागच्या जागी दोन्ही पाय आळीपाळीने उचलून पाहिले. खांदे हलले. पडद्यावर हलले होते अगदी तसेच.

"पाय दाखवले असते तर समजलं असतं मले," काकाजी म्हणाले. "हा दोस्त मोठा कलाकार!"

आणि ते हसायला लागले. वहिनी तर आधीच तोंडाला पदर लावून हसत होत्या. "सासूबाईच होय," त्या मला म्हणाल्या, "अस्सल!" काकाजींचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"नागपूरवाल्याईले सांग, पाठवतो. पण खाली हे लिहून असंल तरच. माह्यासारखे लय बसतात अंधारात." मग रिमोट माझ्या हातात दिला. "पुन्हा लाव."

मी पुन्हा लावला. या वेळी ते उठून पडद्याजवळ गेले, अगदी दाराशी जाऊन उभं राहावं तसे. बाईने फुंकर मारली. कोंडा उडाला. खांदे हलले. ओळ आली. काकाजींनी उजवा हात वर नेला, मेन स्विचची दांडी जिथे असायची तिथे, आणि त्यांच्या त्या गल्लीभर ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाले,

"लावतो नं वं, लावतो!"

आणि हात खाली ओढला. पडद्यावर मिल सुरू झाली.